डब्यामागचा हेतू

ऐरोलीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे. त्यांच्या अनुमतीने त्यातला आवश्यक तेवढा भाग देते.

«आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तीन मुले भाड्याने राहतात. वय तेवीस ते सव्वीस, तिघांची नोकरी इथल्याच आयटी पार्कात आणि बहुतेक रात्रपाळी. ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्या एकाला डेंग्यू झाला, तेव्हा मी डबा द्यायला सुरुवात केली, आणि आता रविवारी संध्याकाळी तिघेही आमच्याकडेच जेवतात. धर्माशी तिघांचेही देणेघेणे नाही. एक जण तर स्पष्टच म्हणाला, ‘काकू, देवाचे काही बोलणार नसाल तर येतो.’ मी हो म्हणून बसले. दुसरा फार गप्प असतो, झोप लागत नाही म्हणतो आणि मधूनच ‘कशाचा काय उपयोग’ असे पुटपुटतो. इकडे आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाने ठरवले आहे, की नाताळच्या कार्यक्रमाला प्रत्येकाने एक तरी बाहेरचा तरुण आणायचा, आणि माझ्या नावापुढे कमिटीने ३ हा आकडा लिहूनही टाकला आहे. मुलांना बोलावले तर त्यांना वाटेल, डबा याचसाठी होता. न बोलावले तर ज्याच्या आधाराने मी जगते त्याचे नावच मी लपवते असे होईल. माझा स्वतःचा मुलगा दोन वर्षे उपासनेला आलेला नाही. तो म्हणतो, ‘आई, निदान त्यांना तरी सोड.’ माझ्या मनात खरोखर कळवळा आहे की मला माणसे जमवायची आहेत, हे मलाच कळेनासे झाले आहे. आणि त्या गप्प मुलासाठी मी रोज प्रार्थना करते, ती त्याला न सांगता केलेली चालते का?»

प्रिय भगिनी,

तुमच्या मनात कळवळा आहे की नाही याचा निकाल मी इथे ठाण्यात बसून देऊ शकत नाही. परंतु तो ओळखायचा कसा, हे आपल्या शास्त्रानेही सांगून ठेवले आहे आणि आपल्या भाषेनेही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, नवव्या अध्यायात येशू लोकसमुदायाकडे पाहतो, आणि मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी गांजलेली, पांगलेली ती माणसे पाहून त्याला त्यांचा कळवळा येतो. मूळ ग्रीक वचनात तिथे जे क्रियापद आहे, ते आतड्यांसाठी असलेल्या शब्दापासून झालेले आहे. मराठी माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही, कारण परक्याच्या लेकराला तापाने फणफणलेले पाहिले की आपलेही आतडे तुटते, आपल्याही पोटात कालवते. कळवळ्याची जातच अशी, की ती लाभावीण प्रीती करते, असे तुकोबांनी म्हटले आहे. आणि ख्रिस्ती झालेले आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक तर तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत असत, तेव्हा ही कसोटी आपल्याला परकी मानण्याचे कारण नाही.

ती कसोटी तुम्ही स्वतःला लावून पाहा. समजा, हे तिघे नाताळला आले नाहीत, ईस्टरला आले नाहीत, आणि पुढच्या वर्षी घरमालकाने भाडे वाढवले म्हणून सामान बांधून घणसोलीला किंवा खारघरला निघून गेले. टेंपोत सामान चढवले जात असेल त्या दिवशीही तुमच्या घरून तीन ताटे वर जातील का? तुमच्या पत्रात त्या मुलाच्या प्लेटलेटच्या रोजच्या आकड्यांवर जवळजवळ एक पान खर्ची पडले आहे आणि कमिटीच्या आकड्यावर दोनच ओळी आहेत. त्यावरून मला तरी उत्तर दिसते. त्या कळवळ्यात माणसे जमवण्याची थोडी इच्छा मिसळलेली असेलही. माणसाचा हेतू क्वचितच गाळून घेतलेल्या पाण्यासारखा निर्मळ असतो, आणि तो पूर्ण निर्मळ होईपर्यंत डबा थांबवला, तर उपाशी राहणारा वरच्या मजल्यावर असतो.

मात्र कळवळा म्हणजे केवळ खाऊपिऊ घालून गप्प बसणे, असेही शास्त्र म्हणत नाही, आणि इथे तुमच्या दुसऱ्या भीतीला उत्तर आहे. ते ग्रीक क्रियापद नव्या करारात केवळ पहिल्या तीन शुभवर्तमानांत येते, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्यानंतर काय घडते ते पाहण्यासारखे आहे. एके ठिकाणी येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. एके ठिकाणी तीन दिवस आपल्यासोबत राहिलेल्या लोकांजवळ खायला काही नाही म्हणून त्याला कळवळा येतो, आणि तो त्यांना भाकरी देतो. परंतु मार्काच्या सहाव्या अध्यायात तसाच समुदाय, तसाच कळवळा, आणि लगेच पुढे लिहिले आहे की तो त्यांना बऱ्याच गोष्टी शिकवू लागला. भाकरी त्यानंतर, दिवस कलल्यावर आली. म्हणजे कळवळा एकच, कृती निरनिराळ्या, आणि कोणती कृती करायची हे समोरच्या माणसाकडे नीट पाहिल्यावरच ठरते. उपाशी माणसाला वचन ऐकवणे जसे निष्ठुर, तसे आतून हरवलेल्या माणसाला नुसते वाढत राहून ‘आमच्याकडे आणखी काही नाही’ असे भासवणेही बरे नव्हे.

म्हणून या तिघांना एका शब्दात बांधू नका, अशी माझी पहिली विनंती आहे. आपल्या सभांमध्ये ‘निधर्मी तरुण’ हा शब्द हल्ली असा वापरला जातो, जणू तो एखाद्या साथीच्या रोगाचा रुग्ण आहे. प्रत्यक्षात एखाद्याने देव नाकारलेला असतो तो विचार करून, वाचून. एखाद्याने घरातल्या धर्माच्या नावाखाली झालेली मारझोड पाहून. आणि पुष्कळांनी नाकारलेला मुळी नसतोच, त्यांना तो प्रश्न कधी पडलेलाच नसतो, कारण रात्री नऊला कॅबमध्ये बसणाऱ्या आणि सकाळी सातला पडदे ओढून झोपणाऱ्या मुलाला रविवार कोणता हेही कॅलेंडर पाहून कळते. पहिल्या प्रकारच्या मुलाशी वागताना तर विशेष आदर हवा. महाराष्ट्रात देव न मानण्याची एक सचोटीची परंपरा आहे. ज्या १८९५ सालच्या फेब्रुवारीत ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्याच वर्षीच्या जूनमध्ये बुद्धिवादी सुधारक गोपाळ गणेश आगरकर वारले. दोघांनीही आपल्या विवेकाला जे पटले त्याची किंमत आप्तांच्या आणि समाजाच्या रोषाने मोजली होती. १९८९ साली नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या मुलाने तुम्हाला ‘देवाचे बोलणार नसाल तर’ अशी अट घातली, तो कदाचित याच परंपरेत वाढलेला असेल. त्याच्या प्रामाणिकपणाचा आपल्याला आनंद वाटला पाहिजे, कारण जो नाही म्हणायला भीत नाही त्याच्याशीच खरे बोलणे होऊ शकते. त्याच्यासमोर ‘माझ्या प्रार्थनेने याचा डेंग्यू बरा झाला’ असे चुकूनही म्हणू नका. डॉक्टरांचे, सलाईन लावणाऱ्या परिचारिकांचे आणि रात्रभर उशाशी बसलेल्या त्याच्या मित्रांचे श्रेय त्यांचे त्यांना असू द्या. देवाचे आभार तुम्ही तुमच्या खोलीत मानलेच आहेत.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती मी अजून विसरलेली नाही. फार वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरी करणारा एक मुलगा आमच्याकडे येत असे. आम्ही संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायचो, तो आपल्या गावाबद्दल बोलायचा, मी ऐकायचे. त्याचे वडील अचानक गेले. तो गावाहून परतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या हातात सार्वकालिक जीवनाविषयीची एक पुस्तिका ठेवली आणि अर्धा तास बोलले. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, नमस्कार केला, आणि नंतर तो कधीही आला नाही. पुस्तिकेतला शब्द न् शब्द मी आजही मानते. परंतु त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. मी केवळ संधीकडे पाहिले होते. वडिलांचे शेवटचे बोलणे त्याच्याशी काय झाले, हे विचारायचेही मला सुचले नाही.

ऐकण्याचे सामर्थ्य किती असते हे मला पुढे चॅड व्हॅरा या इंग्लंडमधल्या पाळकांच्या कार्याविषयी वाचताना उमगले. १९३५ साली, नुकतेच सेवेत आलेले असताना, त्यांना एका किशोरवयीन मुलीचा दफनविधी करावा लागला. तिला पाळी आली होती आणि आपल्याला काही लाजिरवाणा रोग झाला असे समजून, कोणाला विचारायची सोय नसल्यामुळे, तिने जीव दिला होता. ते दुःख त्यांच्या मनातून गेले नाही. १९५३ साली लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी एक फोन ठेवला आणि जीव देण्याच्या विचारात असलेल्या कोणीही फोन करावा असे जाहीर केले. माणसे प्रत्यक्षही येऊ लागली, आणि त्यांची वेळ येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून चहा देण्यासाठी काही साधे स्वयंसेवक असत. थोड्याच महिन्यांत व्हॅरांच्या लक्षात आले, की अनेकांना त्या चहाच्या पेल्याबरोबर कोणीतरी ऐकून घेतले एवढ्यानेच हलके वाटते आणि पाळकांना भेटण्याची गरजही उरत नाही. तेव्हा त्यांनी ते काम स्वयंसेवकांकडे सोपवले. हीच ती समॅरिटन्स नावाची संस्था. येणाऱ्यावर आपला धर्म लादायचा नाही हा तिचा दंडक आहे, आणि तो एका पाळकाच्या कामातून आलेला आहे. येशूच्या दाखल्यात रस्त्यावर पडलेल्या माणसाला त्याचा पंथ न विचारता खानावळीत पोहोचवून त्याच्या खर्चाचे दोन दीनार भरणाऱ्या शोमरोन्याची, म्हणजे समॅरिटनची, आठवण त्या नावातच आहे.

आता तुमच्या गप्प मुलाबद्दल, आणि ही गोष्ट नाताळपर्यंत थांबवू नका. झोप न लागणे आणि ‘कशाचा काय उपयोग’ हे रात्रपाळीच्या थकव्यामुळेही असू शकते. पण तसेच असेल असे धरून चालू नका. बाकीचे दोघे नसताना त्याला बोलवा, समोर बसवून न घेता भाजी निवडता निवडता किंवा खाली चक्कर मारताना विचारा, आणि सरळ विचारा: ‘जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?’ असे विचारल्याने नसता विचार मनात भरतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. उलट बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला, तर त्याला त्या रात्री एकटा राहू देऊ नका, त्याच्या मित्रांना आणि घरच्यांना विश्वासात घ्या, त्याच्यासोबत मानसोपचार तज्ज्ञाकडे जा. मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य मिळते, आणि तिथे मराठीतही बोलता येते. ‘देवावर विश्वास ठेव, सगळे ठीक होईल’ हे वाक्य त्या क्षणी त्याच्यासाठी दार लावून घेण्यासारखे असते, मग ते कितीही भक्तिभावाने म्हटलेले असो. हे सगळे केल्यानंतर तो कधी चर्चची पायरी चढला नाही, तरी तुम्ही शुभवर्तमानाला धरूनच वागलात असे मी म्हणेन.

दिलेल्या शब्दाबद्दल. देवाचे बोलणार नाही असे तुम्ही कबूल केले आहे, तर ते पाळा. आडवळणाने, गाण्यातून किंवा भिंतीवरच्या वचनाकडे बोट दाखवून मोडू नका. परंतु शब्द त्यांना उपदेश न करण्याचा दिलेला आहे, तुमचे जगणे झाकून ठेवण्याचा नाही. तुम्ही जेवणापूर्वी रोज प्रार्थना करता ना? ती रविवारीही करा, नेहमीइतकीच लहान, त्यांना हात जोडायला न सांगता, आणि त्यांच्या अंतःकरणाविषयीचे एखादे वाक्य मुद्दाम मोठ्याने न घालता. एक दिवस त्यांच्यातला कोणीतरी विचारील, ‘काकू, तुम्ही हे सगळे आमच्यासाठी का करता?’ ती अट घालणारा मुलगाच आधी विचारील, असे माझ्या अनुभवावरून वाटते. तेव्हा लाजू नका. ‘तू विचारलेस म्हणून सांगते’ असे म्हणा आणि सांगा: आपल्यावर कोणी न मागता प्रीती केली, ती तुम्हाला कशी कळली, कोणत्या दुःखात कळली. पाच मिनिटे पुरतात. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव सिद्ध असावे आणि ते सौम्यतेने व आदराने द्यावे, असे येशूचा शिष्य पेत्र याने लिहिले आहे. त्यात विचारणारा आधी येतो, हे आपण पुष्कळदा विसरतो.

नाताळचे आमंत्रण जरूर द्या, पण उघडपणे द्या. ‘गाणी आहेत, खेळ आहेत, जेवण आहे’ असे सांगून न्यायचे आणि तिथे गेल्यावर चाळीस मिनिटांचा संदेश ऐकवायचा, हा प्रकार आपल्या तरुण संघांतून कायमचा गेला पाहिजे; त्याने फसवले गेल्याची भावना येते आणि ती योग्यच असते. तुम्ही असे सांगा: ‘आमच्या चर्चमध्ये कार्यक्रम आहे, गाणी होतील, येशूविषयी संदेशही होईल. यावेसे वाटले तर मला आनंद होईल. नाही वाटले तरी पंचवीस तारखेला दुपारी करंज्या खायला घरी या, त्याचा आणि याचा संबंध नाही.’ आणि मग खरोखरच संबंध ठेवू नका. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून आपला धर्म सांगण्याचाही अधिकार दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा त्या अधिकाराचा भाग नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले. पण कायदा नसता तरी आपण डब्याच्या बदल्यात श्रद्धा मागितली नसती. मागून मिळालेली श्रद्धा श्रद्धा नसतेच.

कमिटीला तो ३ हा आकडा खोडायला सांगा. शांतपणे, पण सांगाच. ज्या जॉर्ज विल्यम्स यांनी १८४४ साली लंडनमध्ये वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना सुरू केली, ते स्वतः खेड्यातून आलेले, कापडाच्या दुकानात राबणारे बावीस वर्षांचे कामगार होते, आणि आपल्याच बरोबरीच्या, दाटीवाटीने राहणाऱ्या, दिवसभर उभे राहून थकणाऱ्या मुलांची अवस्था पाहून त्यांनी ते काम हाती घेतले. तरुण संघाला ऐरोली-महापे पट्ट्यातल्या मुलांसाठी काही करायचेच असेल, तर सकाळी आठ वाजता रात्रपाळी संपवून येणाऱ्यांना गरम पोहे आणि बसायला जागा मिळेल असे काही करावे. आधी महिनाभर त्यांच्यात मिसळून त्यांचे म्हणणे ऐकावे, आणि किती जण आले याची वही ठेवू नये.

तुमच्या मुलाविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, आणि ती वाचून मी बराच वेळ थांबले. सार्वकालिक जीवनासाठी काय करू असे विचारत येशूकडे धावत आलेला तो श्रीमंत मनुष्य तरुण होता, असे मत्तय सांगतो. आणि येशूने त्याच्याकडे पाहिले व त्याच्यावर प्रीती केली, असे केवळ मार्क सांगतो. त्या प्रीतीनंतर येशू त्याला जे सांगायचे ते सौम्य न करता सांगतो, तरुण खिन्न होऊन निघून जातो, आणि येशू त्याच्यामागे धावत नाही, अट कमी करीत नाही. तो प्रीती करतो आणि जाऊ देतो. तुमच्या मुलाला हे तीन मुलगे टेबलाशी बसलेले दिसतात, आणि आपल्या आईला आपल्यापेक्षा त्यांच्याशी बोलणे सोपे जाते हेही दिसत असावे. त्याचे ‘त्यांना तरी सोड’ हे बोलणे त्यांच्याविषयी कमी आणि स्वतःविषयी अधिक असू शकेल. दोन वर्षांपूर्वी उपासनेला जाणे थांबवताना त्याच्या मनात काय होते, हे तुम्ही त्याला कधी विचारले आहे का, आणि विचारले असल्यास मध्ये न बोलता ऐकले आहे का? मी तुमच्या जागी असते, तर वरच्या मजल्याच्या आधी हे केले असते. त्याच्या आरोपात तथ्य निघाले, मंडळीत त्याला कोणी दुखावले होते असे निघाले, तर ‘चुकले’ म्हणायला कचरू नका.

राहिली तुमची शेवटची शंका. तुमच्या खोलीत, दार लावून, तुम्ही त्या मुलाचे नाव देवापुढे घेता, त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही. त्याच्या आईनेही गावाकडे आपल्या देवापुढे दिवा लावताना ती विचारली नसेल. परंतु ते नाव बुधवारच्या प्रार्थना सभेत घेऊ नका, संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘वरच्या मजल्यावरच्या मुलासाठी प्रार्थना करा, निराश आहे’ असे टाकू नका, नाव वगळूनही टाकू नका, कारण तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे कोण हे सर्वांना ठाऊक आहे. त्याने तुम्हाला जे सांगितले ते तुम्हाला सांगितले आहे. आणि तो तुम्हाला कधी म्हणाला, की काकू, माझ्यासाठीही प्रार्थना करत जा, तर ‘मी रोजच करते’ एवढेच सांगा आणि त्याला जेवायला वाढा.